गाडी भाड्याने की आसन भाड्याने? कंत्राटी बसच्या परवान्याची शंभर वर्षांची कथा

१/
मध्यरात्री महामार्गावर एखादी खासगी बस थांबवली जाते. मोटार वाहन निरीक्षक चालकाकडे एकेक कागद मागतो: नोंदणी प्रमाणपत्र, विमा, योग्यता प्रमाणपत्र, पीयूसी, परवाना. त्यानंतर तो आणखी एक कागद मागतो, जो एसटीच्या चालकाकडे कुणीच कधी मागत नाही. तो म्हणजे प्रवाशांची यादी.

२/
गाडी नवीकोरी असो, चालक वीस वर्षांचा अनुभवी असो, ती यादी नसेल तर सगळा प्रवासच बेकायदा ठरू शकतो. एका साध्या यादीला एवढे महत्त्व कसे आले, हे समजून घ्यायचे तर रेल्वेच्या घटत्या उत्पन्नाने धास्तावलेल्या १९३० च्या दशकातील सरकारपर्यंत मागे जावे लागते.

३/
आधी मूळ भेद. भारतीय कायद्याच्या दृष्टीने बसचे धंदे दोन. पहिल्यात मालक एकेक आसन विकतो. प्रत्येक प्रवासी आपापले भाडे देतो, वाटेत कुठेही चढतो, कुठेही उतरतो. ही टप्पा वाहतूक. दुसऱ्यात मालक अख्खी गाडी एका करारावर एका गटाला देतो आणि त्या करारात नसलेला माणूस वाटेत घेता येत नाही. ही कंत्राटी वाहतूक. लग्नाचे वऱ्हाड, अष्टविनायकाची यात्रा, शाळेची सहल हे सारे या दुसऱ्या प्रकारात येते. बस तीच, रस्ता तोच, डिझेलही तेच. कायद्याला मात्र हे दोन निरनिराळे व्यवसाय दिसतात.

४/
आरंभी असा भेद कुणाला सुचलाही नव्हता. १९१४ च्या मोटार वाहन कायद्याचा भर वाहनाची नोंदणी, चालकाची अनुज्ञप्ती आणि रस्त्यावरील सुरक्षितता यांवर होता. एका रस्त्यावर किती बसगाड्या असाव्यात, त्यांनी कोणाशी स्पर्धा करावी, हा त्या कायद्याचा विषयच नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर लष्कराला नको असलेली वाहने बाजारात आली. लॉरीच्या सांगाड्यावर लाकडी बॉडी चढवली की झाली ‘सर्व्हिस मोटार’. मालक बहुधा एका-दोन गाड्यांचा धनी. पुष्कळदा चालकही तोच.

५/
मुंबई शहरात १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी बस सुरू झाली, तिची आठवण आजही काढली जाते. मोफस्सलातील सर्व्हिस मोटारींना असे वाढदिवस नाहीत. गाडी भरली की निघायची, भाडे परिस्थिती पाहून ठरायचे. आज आसने विकणारी गाडी उद्या एखाद्या वऱ्हाडासाठी अख्खी ठरवली जाई, आणि त्यात कुणालाही वावगे वाटत नसे.

६/
रस्त्यांची अवस्था पाहण्यासाठी १९२७ मध्ये एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पेट्रोलवरील जादा करातून रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी उभारावा, ही कल्पना याच समितीच्या अहवालातून पुढे आली. रस्ते सुधारू लागले. सुधारलेल्या रस्त्यांवरून बसगाड्या धावू लागल्या आणि त्यांतले बरेचसे रस्ते रेल्वेच्या रुळांना समांतर होते.

७/
खरी अडचण इथे आली. रेल्वेत सरकारचे प्रचंड भांडवल गुंतलेले होते, आणि १९२९ नंतरच्या मंदीने तिचे उत्पन्न आटले होते. त्यात तिसऱ्या वर्गाचा प्रवासी, म्हणजे रेल्वेच्या प्रवासी उत्पन्नाचा कणा, घराजवळून सुटणाऱ्या मोटारीकडे वळू लागला. मिचेल आणि किर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी रस्ते-रेल्वे स्पर्धेची पाहणी केली. १९३३ मध्ये सिमल्यात रस्ते-रेल्वे परिषद भरली. पुढे वेजवुड समितीने रेल्वेच्या एकूण अर्थकारणाची चौकशी केली. या सगळ्या खटाटोपाचा रोख एकच होता: मोटारीला लगाम घालायचा.

८/
लगाम कसा असावा, याचा नमुना इंग्लंडात तयार होता. तिथे महायुद्धानंतर गिरणी कामगारांच्या, क्लबांच्या, चर्चमंडळांच्या सहली उघड्या टपाच्या ‘शॅराबँक’ गाड्यांतून समुद्रकिनारी जात. १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने तिथल्या प्रवासी गाड्यांचे तीन वर्ग पाडले: टप्प्याटप्प्याने भाडे घेणाऱ्या, लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेस, आणि करारावर दिलेल्या. नियमित मार्गावर गाडी चालवायची तर ट्रॅफिक कमिशनरकडे जाऊन तिची गरज सिद्ध करावी लागे. प्रस्थापित बस कंपन्या आणि रेल्वे तिथे हरकत घेत. खाजगी मंडळींच्या प्रासंगिक सहलीला यातून सूट होती.

९/
सूट आली की पळवाट आलीच. चार अनोळखी माणसे गोळा करून त्यांना ‘खाजगी मंडळी’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? म्हणून १९३४ मध्ये तिथल्या कायद्याने अट घातली की अशा सहलीची जाहिरात आधी जनतेत झालेली नसावी. पुण्या-मुंबईच्या चौकाचौकांत यात्रा कंपन्यांचे फलक पाहणाऱ्याला ही अट गमतीची वाटेल. पण ‘गट’ म्हणजे कोण, हा प्रश्न कायद्याला तेव्हाच पडला होता.

१०/
भारतात १९३९ चा मोटार वाहन कायदा त्या वर्षीच्या १ जुलैला लागू झाला. टप्पा वाहन आणि कंत्राटी वाहन या व्याख्या त्यात आल्या. प्रत्येक प्रवासी वाहनाला परवाना आवश्यक झाला आणि तो देण्यासाठी प्रादेशिक परिवहन प्राधिकरणे निर्माण झाली. आज ज्याला सगळे ‘आरटीओ’ म्हणतात, त्याची पाळेमुळे इथे आहेत. वाहतुकीवर नियंत्रण आणताना प्रांतिक सरकारने कशाचा विचार करावा, हे कलम ४३ ने सांगितले: रस्त्यांची झीज, अनाठायी स्पर्धा, आणि रस्ते व रेल्वे यांचा मेळ. रेल्वेची चिंता अशी थेट कायद्याच्या मजकुरात उतरली.

११/
कंत्राटी वाहनाचा परवाना मागणाऱ्यालाही प्राधिकरणापुढे जावे लागे, आणि अशा आणखी गाड्यांची सार्वजनिक हिताच्या दृष्टीने गरज आहे का, हे प्राधिकरण पाही. एक अपवाद मात्र पहिल्यापासून होता. मोटार कॅबमधील प्रवाशांनी वेगवेगळे भाडे दिले तरी ती कंत्राटी वाहनच राहील, असे व्याख्येतच लिहिले होते. शेअर टॅक्सीला १९३९ मध्ये मिळालेली मोकळीक बसला त्या कायद्याने दिली नाही. लहान गाडीने रेल्वेचे फारसे बिघडत नव्हते, असा त्याचा अर्थ लावता येतो.

१२/
कायदा आला आणि महायुद्धही आले. पेट्रोलचे रेशनिंग झाले, काही गाड्या कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या. स्वातंत्र्यानंतर चित्र पार पालटले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याच्या सरकारी परिवहन सेवेची पहिली बस निघाली. तीच पुढची एसटी. आता परवाना पद्धतीचा लाभार्थी बदलला: रेल्वेच्या रक्षणासाठी उभारलेली भिंत एसटीच्या कामी येऊ लागली.

१३/
मग खासगी मालकांचे काय? उत्तर प्रदेशातील बसमालकांनी हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात नेला. सगीर अहमद खटल्यात १९५४ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. सार्वजनिक रस्ते शासन जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळते आणि त्यांवर वाहन चालवण्याचा व्यवसाय हा नागरिकाचा हक्क आहे, अशी त्या निकालाची भूमिका होती. परवाना म्हणजे सरकारची मेहेरबानी, या वसाहतकालीन समजुतीला बसलेला तो मोठा धक्का होता. दुर्दैवाने, बस घेऊन धंद्यात उतरणाऱ्यांना हा निकाल क्वचितच ठाऊक असतो.

१४/
सरकारने उत्तर शोधले. १९५६ मध्ये मोटार वाहन कायद्यात नवे प्रकरण घालण्यात आले. सरकारी परिवहन उपक्रमाने योजना प्रसिद्ध करावी, हरकती ऐकाव्यात, आणि मग तो मार्ग पूर्णतः वा अंशतः स्वतःकडे घ्यावा. खासगी मालकाचा परवाना मुदतीपूर्वी रद्द झाला तर भरपाई किती? उरलेल्या प्रत्येक पूर्ण महिन्यासाठी दोनशे रुपये. आयुष्यभराच्या धंद्याची ही किंमत वाचून थांबावेसे वाटते. त्याच वेळी हेही विसरता येत नाही की फायद्याच्या मार्गांवर गर्दी करणाऱ्या खासगी गाड्या तोट्याच्या खेड्यात फिरकत नव्हत्या. तिथे एसटी गेली.

१५/
मार्ग गेले, बसगाड्या उरल्या. हातात राहिला तो कंत्राटी परवाना. पर्यटनवाढीसाठी कायद्यात १९६९ च्या दुरुस्तीने एक वाट उघडली: राज्यांच्या सीमा ओलांडून जाण्याचा पर्यटक परवाना. पण प्रत्येक राज्याने असे किती परवाने द्यायचे, हे केंद्र सरकार ठरवणार. अर्थातच परवाना हीच एक दुर्मीळ मालमत्ता झाली. ज्याच्याकडे तो, त्याच्याकडे धंदा.

१६/
आता या कथेतील सर्वांत विलक्षण प्रकरण. कर्नाटकात मार्गांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर कंत्राटी परवान्याच्या बसगाड्या प्रत्यक्षात आसने विकत धावतात, अशी सरकारची तक्रार होती. आणीबाणी चालू असताना, १९७६ च्या आरंभी, सरकारने त्या गाड्या परवान्यांसकट ताब्यात घेतल्या. आधी अध्यादेश, मग कायदा. उच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. खटल्याचे नाव: कर्नाटक राज्य विरुद्ध रंगनाथ रेड्डी.

१७/
ऑक्टोबर १९७७ मध्ये सात न्यायमूर्तींनी कायदा वैध ठरवला. मात्र कारणांवर त्यांचे एकमत झाले नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दोन सहकाऱ्यांसह स्वतंत्र मत लिहिले: संविधानाच्या अनुच्छेद ३९ (ब) मधील ‘समाजाची भौतिक साधने’ या शब्दांत खासगी मालकीची साधनेही येतात. बस हे तसेच एक साधन. उरलेल्या चौघांनी त्या मताशी आपण सहमत असल्याचे समजू नये, असे नोंदवून ठेवले. त्या चौघांत पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड होते.

१८/
तिघांचे ते मत पुढे फार लांब गेले. १९८२ मध्ये कोक कारखान्यांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात त्याचाच आधार घेतला गेला. मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त इमारती ताब्यात घेण्यासंबंधीच्या म्हाडा कायद्याच्या वादातही तोच प्रश्न उभा राहिला आणि नऊ न्यायमूर्तींच्या पीठापर्यंत पोहोचला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने ठरवले की प्रत्येक खासगी मालमत्ता ‘समाजाचे भौतिक साधन’ नसते. बहुमताचा निकाल लिहिला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी, म्हणजे १९७७ च्या त्या चौघांतील एकाच्या मुलाने. कंत्राटी बसच्या भांडणातून निघालेला प्रश्न सत्तेचाळीस वर्षांनी मुंबईच्या चाळींशी येऊन मिटला. कर्नाटकाचा तो मूळ कायदा मात्र तिथल्या विधिमंडळानेच २००३ मध्ये रद्द केला होता.

१९/
दरम्यान १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. परवाना सहसा नाकारू नये, अशी त्याची वृत्ती होती. जुन्या बसमालकांनी तक्रार केली की नव्यांना सढळ हाताने परवाने दिले तर आम्ही बुडू. मिथिलेश गर्ग खटल्यात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ऐकली नाही. स्पर्धकाला अडवण्याचा हक्क कुणालाच नाही. १९३९ चा कायदा स्पर्धा रोखायला जन्मला होता, हे आठवले म्हणजे या वळणाचे मोल कळते.

२०/
आसन आणि गाडी यांमधली रेषा मात्र नव्या कायद्यानेही पुसली नाही. उलट ती रंगवून दाखवली. १९८९ च्या केंद्रीय नियमांनी पर्यटक बस पांढरी असावी, बाहेरून मधोमध पाच सेंटीमीटर रुंदीचा निळा पट्टा असावा आणि दोन्ही बाजूंना साठ सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात ‘टूरिस्ट’ असे लिहावे, असे सांगितले. प्रवास स्वतःच्या राज्यात सुरू किंवा समाप्त झाला पाहिजे, गाडी दोन महिन्यांहून अधिक काळ राज्याबाहेर राहता कामा नये, आणि प्रत्येक फेरीची प्रवासी यादी सोबत हवी. सुरुवातीच्या प्रसंगातील यादी ती हीच.

२१/
यादीतील माणसे ‘गट’ केव्हा ठरतात? २००४ मध्ये आंध्र प्रदेश विरुद्ध बी. नुरुल्ला खान या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले. संपूर्ण गाडीसाठी करार एकच हवा. निरनिराळ्या हेतूंनी निघालेल्या लोकांना एकत्र करून एखाद्या एजंटाने कंत्राटी गाडी भाड्याने घेणे या व्याख्येत बसत नाही. या कसोटीवर पंढरपूरला निघालेली दिंडी गट ठरते. वऱ्हाडही ठरते, भले त्यातले निम्मे लोक एकमेकांशी बोलत नसोत. शुक्रवारी रात्री पुण्याहून नागपूरला निघालेले चाळीस अनोळखी जीव मात्र गट ठरत नाहीत.

२२/
तरीही शुक्रवारची ती बस सुटतेच. सणासुदीला एसटीत जागा नसते आणि ‘ट्रॅव्हल्स’वाचून गाव गाठता येत नाही, हे महाराष्ट्राला नवीन नाही. २०१८ मध्ये राज्य सरकारने ठरवले की खासगी कंत्राटी बसचे भाडे एसटीच्या प्रति किलोमीटर भाड्याच्या दीडपटीहून जास्त असू नये. यातली विसंगती पाहण्याजोगी आहे. जी गाडी आसन विकतच नाही असे कायदा मानतो, तिच्या भाड्याचे माप सरकारने एसटीच्या आसनावरून घेतले. प्रवाशांची लूट थांबवण्यासाठी ते आवश्यक होते, यात शंका नाही. पण व्याख्येला पडलेली भेग त्याने झाकली गेली नाही.

२३/
या पार्श्वभूमीवर आज एखाद्या तरुणाने सहली आणि वऱ्हाडांसाठी बस घ्यायची ठरवली तर त्याच्यापुढे येणारे कागद निराळे दिसतात. बसची बॉडी ठरलेल्या मानकानुसार बांधलेली हवी. योग्यता प्रमाणपत्र हवे. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी घ्यावे लागते. त्रयस्थ पक्षाचा विमा, वेगनियंत्रक, गाडीचा ठावठिकाणा दाखवणारे यंत्र आणि संकटसमयी दाबायचे बटण हवे. चालकाजवळ प्रवासी वाहन चालवण्याची अनुज्ञप्ती व बिल्ला हवा. हे सारे १९१४ च्या परंपरेतले, सुरक्षिततेचे कागद.

२४/
दुसरे कागद १९३९ च्या परंपरेतले. राज्यापुरता धंदा असेल तर कलम ७४ खालचा कंत्राटी परवाना. सामान्यतः पाच वर्षांचा. राज्याबाहेर जायचे तर अखिल भारतीय पर्यटक परवाना. एखाद्याच फेरीसाठी कलम ८८ (८) खालचा विशेष परवाना. तिकिटे गोळा करणारा एजंट नेमला तर कलम ९३ प्रमाणे त्याचीही वेगळी अनुज्ञप्ती. पाच किंवा अधिक कामगार ठेवले तर १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याखाली नोंदणी आणि आठ तासांच्या कामाची मर्यादा २०२५ पर्यंत लागू होती. परवान्याच्या अटी मोडल्या तर दहा हजार रुपये दंड, शिवाय कारावासाची तरतूद. बँकेचा हप्ता मात्र गाडी अडकलेली असली तरी थांबत नाही, आणि बहुतेक नव्या मालकांची कंबर तिथेच मोडते.

२५/
१ एप्रिल २०२१ पासून पर्यटक परवाना ऑनलाइन मिळू लागला. एकदा शुल्क भरले की राज्याराज्याच्या नाक्यावर वेगळा कर भरत बसायला नको, हा त्याचा हेतू. २०२३ मध्ये त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. त्यांत एक छोटा शब्दप्रयोग आहे: पर्यटकांना ‘वैयक्तिकरीत्या किंवा गटाने’ नेता येईल.

२६/
‘वैयक्तिकरीत्या’. या एका शब्दावर बोट ठेवून काही मालक म्हणू लागले की आता आसनही विकता येईल. राज्यांच्या परिवहन खात्यांचे म्हणणे उलट: नियम हे कायद्यापेक्षा मोठे नसतात आणि कायद्यातील कंत्राटी वाहनाची व्याख्या जिथल्या तिथे आहे. २०२३ च्या अखेरीस केरळमध्ये अशाच परवान्यावर तमिळनाडूकडे नियमित फेऱ्या करणारी एक बस पुनःपुन्हा अडवली गेली, दंड झाला, जप्तही झाली. थांब्याथांब्यावर लोक मोबाइल घेऊन तिच्या स्वागताला उभे होते आणि पुढच्या नाक्यावर निरीक्षक. चालकाकडे त्या दिवशी प्रवाशांची यादी होती की नव्हती, यापेक्षा त्या यादीला करार म्हणायचे की तिकीटवही, हाच दोन्ही बाजूंचा वाद होता.